अकरा क्विंटल कागद



जिल्हा कचेरीच्या मागच्या खोलीचे भाडे मालकाने वाढवून मागितले आहे. दरमहा १,५०० रुपये होते, आता १,८०० सांगतो. खोली दहा बाय बाराची. तिच्यात माणूस बसत नाही, बैठक होत नाही. तिच्यात कागद राहतो. गेल्या महिन्यात कार्यकारिणीपुढे विषय आला आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, सगळे रद्दीत घाला आणि खोली सोडा. दुसरा म्हणाला, हा आंदोलनाचा कागद आहे, यातला चिठोरासुद्धा फेकू देणार नाही. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. हिशेब मात्र दोघांपैकी एकाच्याही खिशात नव्हता.

कापसाच्या क्विंटलमागे खर्च किती येतो, हे आपण सरकारला वर्षानुवर्षे विचारत आलो. बियाणे धरले का, बैलजोडीचे दिवस धरले का, घरच्या बाईची वेचणी धरली का, असे एकेक कलम आपण दिल्ली-मुंबईच्या साहेबांच्या तोंडावर मांडले. आणि आपल्याच घरात एक खोली कित्येक वर्षे भाडे खात उभी आहे, तिचा खर्च कोणी काढलेला नाही. आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते, तसा हा कारभार. म्हणून आम्ही टेप, वजनकाटा आणि वही घेऊन चार दिवस त्या खोलीत बसलो. जे निघाले ते येत्या जिल्हा बैठकीपूर्वी तुमच्यापुढे ठेवतो.

आधी माप. खोलीत चार लोखंडी कपाटे आहेत. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, पाच खणांचे जे कपाट सगळीकडे मिळते, तेच. पाच खण गुणिले तीन फूट, म्हणजे एका कपाटात पंधरा फूट कागद उभा राहतो. कागद मोजायचा तो असा, फुटाने; फायली किती आहेत हे सांगण्यात अर्थ नाही, कारण एक फाईल बोटाएवढी असते आणि दुसरी उशीएवढी. आमच्या चार कपाटांत ५२ फूट कागद निघाला. बाकीचा जमिनीवर, बारदान्याच्या पोत्यांत आणि सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत होता. तो उपसून भिंतीशी रचला तेव्हा ३८ फूट भरला. एकूण ९० फूट.

आता वजन. साध्या ए-फोर कागदाचे ५०० पानांचे रीम साधारण सव्वादोन किलोच्या वर भरते आणि सुमारे दोन इंच जाड असते. म्हणजे गच्च रचला तर एका फुटात सहा रीम, १४ किलो. आमचा कागद गच्च नाही. मध्ये पुठ्ठे आहेत, पिना आहेत, फुगलेल्या वह्या आहेत. फुटाला १२ किलो धरले तर १,०८० किलो होतात. अकरा क्विंटल म्हणा. कापसाची अर्धी गाडी घरात कायमची उतरून ठेवल्यासारखे झाले.

खर्च मांडताना पहिले कलम भाडे, वर्षाचे २१,६०० रुपये. इथे काही तालुक्यांचे कार्यकर्ते हसतील, कारण त्यांचे दप्तर कोणा सभासदाच्या माडीवर फुकट पडलेले आहे. फुकट काही नसते. कृषिमूल्य आयोग सी-२ खर्च काढतो तेव्हा स्वतःच्या मालकीच्या जमिनीचाही खंड धरतो. तो धरावा म्हणूनच आपण भांडतो. मग सभासदाच्या माडीचा खंड का धरायचा नाही? त्या जागेत त्याची दहा पोती ज्वारी राहिली असती. ती त्याने दुसरीकडे ठेवली असेल, किंवा ठेवायला जागा नाही म्हणून सुगीतच विकली असेल. तो घाटा आपल्या कागदाच्या नावे लिहायचा.

दुसरे कलम कपाटांची झीज. कपाट ९,००० रुपयांना धरा आणि वीस वर्षे चालते म्हणा, म्हणजे वर्षाला ४५० रुपये, चारांचे १,८००. डांबरगोळ्या, वाळवीचे औषध, रुमालाचे कापड, पुठ्ठे मिळून १,५००. दिवाबत्ती आणि किरकोळ डागडुजी ६००. इथवर सगळ्यांची मान डोलते. नंतरच्या कलमावर मात्र कुरकुर झाली. आठवड्यातला एक दिवस कोणीतरी कार्यकर्ता त्या खोलीत कागद लावतो किंवा कागद शोधतो. त्याला आपण पगार देत नाही. पण तो दिवस शेतात गेला असता तर त्याची मजुरी असती. घरच्या माणसाची मजुरी धरा असे आपणच शिकवले ना? रोजचे ४०० प्रमाणे ५२ दिवसांचे २०,८०० होतात.

एकूण झाले ४६,३०० रुपये. फुटाला वर्षाला ५१४ रुपये. क्विंटलात सांगायचे तर एक क्विंटल कागद एक वर्ष ठेवायला सुमारे ४,२०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा जाहीर हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता. म्हणजे आपला कागद दर वर्षी आपल्या वजनापेक्षा जास्त ज्वारी खातो, आणि तीही हमीभावाने मिळाली तर. उंदरांचा हिशेब वेगळा.

हे आकडे ऐकून 'रद्दीत घाला' म्हणणाऱ्यांना जोर येईल, म्हणून त्यांचाही हिशेब मांडतो. रद्दीला किलोमागे १२ रुपये मिळाले असे समजा. अकरा क्विंटलचे १३,२०० येतील. एकदाच. आणि त्यासोबत जाईल काय?

आम्हाला एक घर आठवते. बाई आमची सभासद. नवरा २००६ साली गेला. मागे बँकेचे ३८,००० रुपयांचे पीककर्ज आणि साडेचार एकर कोरडवाहू. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ. त्यावरच्याला २५ टक्के किंवा, यादीतल्या कोरडवाहू जिल्ह्यांत, २० हजार रुपये, यांतले जे जास्त ते. तेही बाकीचे पैसे भरल्यावर. जमीन किती हे कर्ज मंजूर झाले त्या दिवशीच्या नोंदीवरून ठरायचे. बँकेच्या कागदावर दोन भावांची मिळून नऊ एकर लागलेली. वाटणी कर्जाच्या आधीच झाली होती, फेरफारही झाला होता, आणि त्याची नक्कल बाईने मागे एका दुसऱ्या अर्जासाठी आपल्या कचेरीत दिली होती. ती आमच्याच हाताने घेतली होती. हरकतीची मुदत चालू असताना आम्ही तीन माणसे लावून पोती उपसली. सापडली नाही. तलाठ्याकडे जुने दप्तर तहसिलीत गेलेले, तिथे आज या, उद्या या. मुदत संपली. बाईने एक बैल विकून १८,००० रुपये भरले आणि २० हजारांची सूट घेतली. नक्कल दोन वर्षांनी मिळाली, एका मेळाव्याच्या उरलेल्या हँडबिलांच्या गठ्ठ्यात.

ती बाई आम्हाला एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी वर्गणीही दिली.

बँकेला नावे ठेवून आम्हाला मोकळे होता येईल. नावे ठेवायला जागाही आहे. त्याच कर्जमाफीची तपासणी देशाच्या महालेखापरीक्षकांनी केली आणि २०१३ साली अहवाल दिला. नऊ राज्यांतली ज्यांना लाभ दिला गेला नाही अशी ९,३३४ खाती त्यांनी नमुन्याला घेतली. त्यांतली १,२५७ खाती पात्र असूनही वगळलेली निघाली. शंभरातली तेरा. कागदपत्रांत खाडाखोड केल्याचेही त्या अहवालात आहे. पण त्या १,२५७ मधल्या ज्याच्या हाती स्वतःचा कागद होता तो भांडू शकत होता. आमच्या बाईचा कागद आमच्याकडे होता, म्हणजे कोणाकडेच नव्हता. ते १८,००० रुपये आम्ही या खोलीच्या खर्चात धरलेले नाहीत. धरायला हवेत.

कागदाची किंमत शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी मागितले ते खतपत्र आणि रोखे, आणि त्यांचीच होळी केली. त्यांना ठाऊक होते की आपल्या गळ्यातला फास कागदाचा आहे, आणि तो कागद एकाच बाजूच्या पेटीत आहे. १८७९ च्या कायद्याने गावोगावी निबंधक नेमून रोखे त्याच्यापुढे करायची तजवीज झाली, ती या आगीमुळे. आज आपली पेटी आपल्याकडे आहे. तिच्यात काय ठेवायचे एवढाच प्रश्न आहे.

म्हणून तिसरे काम केले. शेतकी कॉलेजात आम्हाला पीक कापणी प्रयोग शिकवला होता. सगळे शेत कापायचे नाही, नमुन्याचे तुकडे कापायचे आणि त्यावरून उतारा काढायचा. तसा दर दहा फुटांतला एक फूट काढून तपासला. नऊ फुटांत निघाले ते असे. जुनी हँडबिले, परिपत्रके आणि याच अंकाच्या न वाटलेल्या प्रती, साडेतीन फूट. संपलेल्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती दोन फूट. व्हाउचर, किर्द, खतावणी दीड फूट. सरकारला दिलेली निवेदने आणि त्यांच्या पोचा अर्धा फूट. सभासदांचे स्वतःचे कागद, म्हणजे नोटिसा, बिले, नकला, एकाधिकार खरेदीच्या काळातल्या कापसाच्या पट्ट्या, एक फूट. सभांची इतिवृत्ते आणि सभासद नोंदवह्या अर्धा फूट. याला दहाने गुणा म्हणजे खोली झाली.

आमच्याच न वाटलेल्या अंकांना दर वर्षी १८,००० रुपये मोजून आम्ही जपत होतो, हे कळल्यावर संपादक म्हणून आम्हाला थोडी लाज वाटली. वाचले गेले नाहीत म्हणून उरले, की उरले म्हणून वाचले गेले नाहीत, हे तुम्ही ठरवा.

आता काय किती वर्षे ठेवायचे. महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात यासाठी जुनी वहिवाट आहे. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षे, 'क-१' दहा, 'क' पाच आणि 'ड' एक वर्ष. सरकारचे सगळेच टाकाऊ नसते; ही पद्धत आपण उचलावी. इतिवृत्ते, सभासद नोंदवह्या, निवेदने आणि त्यांच्या शिक्क्याच्या पोचा कायम. पोच नसलेले निवेदन म्हणजे आपण आपल्यालाच लिहिलेले पत्र. हिशेबाच्या कागदांना कायदा आहे. संघटनेची नोंदणी न्यास म्हणून असल्याने ऑगस्ट २०२२ मध्ये आलेला आयकराचा नियम १७ एए आपल्याला लागला, आणि त्याने वह्या-पावत्या दहा वर्षे जपायला सांगितल्या. दहा वर्षे मोजायची ती संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून. म्हणजे २०२२-२३ चा हिशेब मार्च २०३४ पर्यंत ठेवायचा, मार्च २०३३ पर्यंत नव्हे. हे एक वर्ष हटकून चुकते. ज्या तालुक्यांत आपल्या लोकांनी शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे तिथे २०१३ चा कंपनी कायदा हिशेबाला आठ वर्षे सांगतो. ज्या वर्षाची चौकशी किंवा दावा चालू आहे त्याला हात लावायचा नाही, मुदत संपली तरी.

या चाळणीने आमचे ३५ फूट छापील कागद तीन फुटांवर येतात. प्रत्येकाच्या दोन प्रती ठेवून बाकी गावच्या वाचनालयांना द्यावे, ज्यांना हवे त्यांना. स्थळप्रती वीसच्या आठ फूट होतात, हिशेब पंधराचे सात. निवेदने, सभासदांचे कागद आणि इतिवृत्ते यांचे वीस फूट तूर्त जसेच्या तसे. बेरीज ३८ फूट. तीन कपाटांत बसतात, वर सात फूट शिल्लक. एका कपाटाला दार उघडण्याच्या जागेसह १४ चौरस फूट लागतात, तिघांना ४२. ती पुढच्या बैठकीच्या खोलीत भिंतीशी उभी राहतात आणि मागची खोली सुटते.

पुढच्या खोलीतली जागाही फुकट धरायची नाही. त्याच दराने ४२ चौरस फुटांचे वर्षाचे ७,५६० रुपये. कपाटांची झीज १,३५०, औषधपाणी १,५००, दिवाबत्ती ४००. कागद कमी आणि लावलेला असला की आठवड्याला अर्धा दिवस पुरतो, म्हणजे १०,४००. एकूण २१,२१०. वर्षाला २५,०९० रुपये वाचतात.

पण पहिल्याच वर्षी वाचणार नाहीत. एक माणूस दिवसभरात दीड फूट कागद नीट वाचून निवडू शकतो. आम्ही स्वतः करून पाहिले. नव्वद फुटांना साठ दिवस, ४०० प्रमाणे २४,००० रुपये. म्हणजे पहिल्या वर्षाची बचत निवडणीतच जाते. हे आधी सांगतो, नाहीतर पुढच्या बैठकीत 'पैसे कुठे गेले' हा प्रश्न येईल. काही तरुण मित्र म्हणतात, मोबाईलवर फोटो काढा आणि सगळेच फेका. फोटो काढावेत, पण सगळ्याचे नव्हे. सैल लावलेल्या एका फुटात दोनेक हजार पाने असतात. ३८ फुटांची ७६ हजार पाने झाली. पानाला एक रुपया धरला तरी ७६,००० रुपये, आणि प्रत्येक फोटोला नाव दिले नाही तर ते पोतेच, फक्त न दिसणारे. सभासदांचे कागद आणि इतिवृत्ते एवढ्या पंधरा फुटांचे फोटो काढावेत, ३०,००० रुपयांत, दोन वर्षांत मिळून. आणि ते दोन ठिकाणी ठेवावेत. मूळ कागद मात्र राहिलाच पाहिजे, कारण कोर्ट आणि बँक आधी तोच मागतात.

ठेवणीबद्दल थोडे. कागद हा पिकाचाच भाऊ आहे, हवेतला ओलावा तसाच ओढून घेतो. ज्वारी बारा टक्क्यांच्या वर ओलावा ठेवून कणगीत भरली तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या कागदाचे तेच होते. त्यापेक्षा कापडी रुमाल बरा. कपाट भिंतीपासून वीतभर सुटे आणि विटांवर उचललेले हवे, काळ्या जमिनीच्या भेगांतून वाळवी थेट पायाशी येते. लोखंडी पिना काढाव्यात, गंजून पान खातात. आणि दुकानातल्या यंत्रातून निघणारी ती गुळगुळीत बिले! २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस नेला तेव्हा भरपाईच्या 'जी' अर्जासोबत बियाण्याचे बिल मागत होते. आमच्या एका सभासदाने बिल जपून ठेवलेले होते, ट्रंकेत, घडी करून. उघडले तर कोरे. ती शाई उन्हाने आणि उष्णतेने उडते. असे बिल मिळाले की त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा, आणि पाकीट व लेबल सोबत ठेवा.

फेकायचा कागद रद्दीवाल्याला देऊ नये, असे आमचे मत आहे. स्थळप्रतीवर सह्या आहेत, अर्जांवर गट नंबर आणि खाते नंबर आहेत, अलीकडच्यांना आधारची झेरॉक्स टाचलेली आहे. एका स्टँडवर आम्ही भजी घेतली, तर कागदावर अनोळखी माणसाचा अंगठा आणि त्याची सगळी जमीन. तेल पुसले तरी वाचता येत होते. तेव्हा कार्यकारिणीचा ठराव, यादी, दोन साक्षीदार आणि नंतर फाडून कंपोस्टचा खड्डा. छापील हँडबिले तेवढी रद्दीत जाऊ देत.

राहिला एक फूट गुणिले दहा, सभासदांचे स्वतःचे कागद. ते आपले नाहीत. ते ज्याचे त्याला परत करायचे, नक्कल आणि यादी आपल्याकडे ठेवून, सही घेऊन. यापुढे कचेरीने कोणाचाही मूळ कागद पोच दिल्याशिवाय घेऊ नये, असा वेगळा ठराव आम्ही बैठकीत मांडणार आहोत. खोलीचा ठराव दुसरा.

मालकाला आम्ही चैत्र अखेरपर्यंतची मुदत मागितली आहे. वेचणी आटोपलेली असते, ज्वारी घरात असते. प्रत्येक तालुक्याने सहा दिवसांसाठी दोन-दोन वाचणारे माणूस द्यावेत. बायांनी यावे, निवड त्यांच्या हाताने जास्त नीट होते. ज्यांनी कधी काळी आपल्या कचेरीत सातबारा, आठ-अ, फेरफार, नोटीस किंवा पट्टी ठेवून दिली असेल त्यांनी नाव, गाव, अंदाजे साल आणि कशाचा कागद एवढे चिठ्ठीवर लिहून जिल्हा बैठकीला आणावे. वडिलांनी दिलेला असेल तर वडिलांचे नाव लिहावे. येताना कापडी पिशवी आणावी.